तांबी दहा वर्षांची. पण टिकते किती?

पाकिटावर लिहिलेलं असतं, दहा वर्षं. प्रत्यक्षात कुणी आठ वर्षं ठेवते, कुणी दोन, तर कुणी दोन महिन्यांतच काढून टाकते. असं का होतं? बीड जिल्ह्यातल्या पोरींनी हे समजून घ्यायलाच हवं. आणि पोरांनीही!

चला, एक गणित करू. तोंडी.

समजा, तुमच्या दहावीच्या वर्गातल्या एका मैत्रिणीचं सतराव्या वर्षी लग्न झालं. अठराव्या वर्षी पहिलं बाळ. विसाव्या वर्षी दुसरं. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी ‘ऑपरेशन’. म्हणजे तुम्ही एम.ए.चा फॉर्म भरत असता किंवा पोलीस भरतीसाठी पहाटे ग्राउंडवर पळत असता, तेव्हा तिचं मूल होण्याचं प्रकरण कायमचं संपलेलं असतं. तेही तिला नीट कुणी विचारायच्या आत.

ही मैत्रीण काल्पनिक आहे. पण ‘अशी कुणी माझ्या ओळखीत नाही’ असं म्हणणारं बीडच्या एखाद्या कॉलेजात सापडेल का? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या तरुणींपैकी ४३.७ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. राज्याचा आकडा २१.९ टक्के. म्हणजे आपण राज्याच्या बरोबर दुप्पट.

आता त्या गणितातल्या रिकाम्या जागा बघा. लग्न आणि पहिलं बाळ यांच्यात एक वर्ष. पहिल्या आणि दुसऱ्या बाळात दोन वर्षं. या जागा वाढवता आल्या असत्या. पहिलं बाळ एकविसाव्या वर्षी झालं असतं, दुसरं पंचविसाव्या. मधल्या काळात बारावी झाली असती, नर्सिंगचा कोर्स झाला असता. निदान अंगात रक्त तरी भरलं असतं.

आपल्याकडे यासाठी दोन जुने शब्द आहेत. पाळणा लांबवणं आणि पाळणा थांबवणं. त्यातलं थांबवणं आपल्याला पक्कं ठाऊक आहे. याच सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या जवळपास निम्म्या विवाहित बायकांची नसबंदी झालेली आहे. लांबवण्याचं मात्र अवघड. त्यासाठी सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारं, सगळ्यात जास्त काळ चालणारं साधन म्हणजे तांबी. ती वापरणाऱ्या देशात शंभरात जेमतेम दोघी.

तांबी म्हणजे नेमकं काय?

इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची प्लॅस्टिकची छोटीशी वस्तू. लांबी ३६ मिलिमीटर, रुंदी ३२. काडेपेटीत आरामात मावेल एवढी. तिच्या दांडीवर तांब्याची तार गुंडाळलेली आणि दोन्ही हातांवर तांब्याची नळी. म्हणून ती आपल्या बोलीत झाली तांबी. कॉपर टी ३८० ए या नावातला ३८० हा आकडा तांब्याच्या पृष्ठभागाचा आहे, ३८० चौरस मिलिमीटर.

डॉक्टर किंवा प्रशिक्षित सिस्टर ती गर्भाशयात बसवतात. पाच-दहा मिनिटांचं काम. तांब्यामुळे पुरुषबीज निकामी होतं आणि गर्भधारणाच होत नाही. वर्षभरात शंभरातल्या ९९ जणींना तिचा उपयोग होतो. म्हणजे भरवशाच्या बाबतीत ती जवळपास नसबंदीच्या तोडीची. फरक एवढाच की ती काढली की पुन्हा दिवस जाऊ शकतात.

सरकारी केंद्रांत दोन प्रकारच्या तांब्या मिळतात. ३८० ए दहा वर्षं चालते. कॉपर ३७५ पाच वर्षं. तिसरा प्रकार खासगीत मिळतो, तो हार्मोनवाला. त्यावर तांबं नसतं. त्यातून लेव्होनॉरजेस्ट्रेल नावाचं हार्मोन रोज अगदी थोडं थोडं झिरपतं. तो आपल्याकडे साधारण पाच वर्षांसाठी बसवतात. नव्या अभ्यासांनंतर अमेरिकेत २०२२ मध्ये त्याची मुदत आठ वर्षांपर्यंत वाढवली गेली. किंमत मात्र काही हजारांत.

दोघींचे स्वभाव अगदी उलटे. तांब्याच्या तांबीने पाळीचं रक्त वाढतं, पोटात कळा जास्त येतात, विशेषतः पहिल्या तीन ते सहा महिन्यांत. हार्मोनवालीने सुरुवातीला अधूनमधून डाग पडत राहतात, पण नंतर पाळी हलकी होत जाते. वर्षभरानंतर पाच जणींतल्या एकीची पाळी येतच नाही. त्यात धोका काही नसतो. पण आधी सांगितलं नसेल तर बाई घाबरणारच ना? ‘दिवस गेले का काय?’ हाच पहिला विचार.

हा स्वभाव लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्याच्याभोवती आहे.

किती जणी किती काळ ठेवतात?

अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात २००७ ते २०११ या काळात ‘कॉन्ट्रासेप्टिव्ह चॉइस प्रोजेक्ट’ नावाचं मोठं काम झालं. नऊ हजारांहून जास्त मुली आणि बायका त्यात होत्या. प्रत्येकीला सगळ्या साधनांची नीट माहिती दिली. जे हवं ते साधन फुकट दिलं. नको झालं तर काढून दुसरं दिलं, तेही फुकट. मग कोण काय किती दिवस वापरतं याचा हिशेब ठेवला.

एका वर्षानंतर हार्मोनवालं साधन ८८ टक्के जणींकडे टिकून होतं, तांब्याचं ८४ टक्के जणींकडे. रोजची गोळी मात्र ५५ टक्केच जणी घेत होत्या. तीन वर्षांनंतर तांबी आणि हार्मोनवालं दोन्ही सुमारे ७० टक्क्यांवर. पाच वर्षांनंतर तांबी ५६ टक्के आणि हार्मोनवालं ५२ टक्के.

या आकड्यांतून दोन गोष्टी कळतात.

पहिली, गोळीच्या मानाने तांबी खूपच जास्त टिकते. कारण साधं आहे. गोळी रोज आठवणीने घ्यावी लागते. विसरली, संपली, माहेरी राहिली की खेळ खल्लास. तांबी एकदा बसवली की रोज काही करावं लागत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सगळं फुकट, सगळी माहिती हाताशी, डॉक्टर दारात. तरीही पाच वर्षांत जवळजवळ निम्म्या जणींनी साधन काढलंच. कुणाला बाळ हवं होतं, कुणाला रक्तस्राव सोसेना, कुणाच्या पोटात दुखायचं. त्यांना कुणी अडाणी म्हटलं नाही. दहा वर्षांची मुदत ही त्या वस्तूची असते. बाईने ती दहा वर्षं ठेवलीच पाहिजे असा काही नियम नाही.

लूपचा धडा

आपल्या देशाने हा धडा साठ वर्षांपूर्वीच घेतलेला आहे. महागात पडून.

त्याच्याही आधीची गोष्ट सांगायची तर, मुंबईत गणिताचे प्राध्यापक र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. पुढे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. नोकरी गेली, खटले झाले, लोकांनी नावं ठेवली. पण मूल कधी आणि किती हे बाईनेच ठरवायचं, हा हेका त्यांनी सोडला नाही.

सरकारने १९६५ मध्ये ‘लिप्पीज लूप’ आणला तेव्हा मात्र जोर आकड्यांवर होता. हा लूप म्हणजे नागमोडी प्लॅस्टिक, आजच्या तांबीची थोरली बहीण. टार्गेटं ठरली, शिबिरं झाली. पहिल्या दोन वर्षांत सुमारे १७ लाख बायकांना लूप बसवला गेला. रक्त जास्त जाईल हे बहुतेकींना कुणी सांगितलंच नव्हतं. त्रास सुरू झाला तेव्हा शिबिराचे डॉक्टर पुढच्या गावाला गेलेले. मग एकीचं ऐकून दुसरी घाबरली, अफवा पसरल्या आणि आकडा घसरत गेला.

लूप तसा काही वाईट नव्हता. त्रास होणाऱ्या बाईचं ऐकायला नंतर कुणी नव्हतं. आज आपल्या आज्या ‘ते आत काही बसवून घेऊ नको बाई’ म्हणतात, त्यात त्या काळच्या आठवणीही असतीलच की.

फडातली पाळी

आता हेच बीडमध्ये आणून बघा.

दसरा-दिवाळी झाली की धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासारमधली गावं रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात पाच-सहा महिने ऊसतोडणी. राहायला कोपी, न्हाणी नाही, संडास नाही, पाणी दूर. पहाटे फडात, रात्री कधीही गाडी भरायला उठायचं. एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीतून कापले जातात.

आता समजा, बाळंतपणानंतर एखादीने गावाकडे तांबी बसवून घेतली. महिन्या-दोन महिन्यांनी टोळीबरोबर निघाली. तांबी बसवल्यानंतरचे पहिले तीन ते सहा महिने रक्त जास्त जाणारे, नेमके तेच दिवस ती फडात आहे. डोक्यावर मोळी आणि अंगावरून जातंय. कापड बदलायला आडोसा नाही. बसवलेलं केंद्र शंभर-दोनशे किलोमीटर लांब. जवळच्या दवाखान्यात ओळख नाही, जायला सुट्टी नाही.

तिने ती तांबी काढून टाकली तर? चूकच काय तिचं?

शहरातल्या चकचकीत दवाखान्यात बसून ‘थोडे दिवस सोसा, होईल कमी’ म्हणणं सोपं आहे. सल्ला खरा आहे. बहुतेकींचा त्रास खरंच कमी होतो, आणि पाळीच्या दिवसांत साध्या वेदनाशामक गोळ्यांनी रक्त आणि कळा दोन्हींना उतार पडतो. पण ‘थोडे दिवस’ सोसायला न्हाणी लागते, पाणी लागतं, सुट्टी लागते, अंगात रक्त लागतं. तांबी किती दिवस टिकेल, हे असल्या गोष्टींवर ठरतं.

आणि याच अंगावरून जाण्याच्या तक्रारीतून बीडची ती देशभर गाजलेली बातमी आली. २०१९ मध्ये ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण बाहेर आलं. जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याची माहिती विधिमंडळात दिली गेली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा जणींत एक. त्यांत चाळिशीच्या आतल्या कितीतरी.

नीट समजून घ्या, तांबीमुळे पिशव्या काढल्या गेल्या असं अजिबात नाही. यातल्या अनेकींनी तांबी पाहिलीही नसेल. पिशवी काढणं हे संततिनियमनाचं साधनही नाही. दुवा वेगळाच आहे. ‘रक्त जास्त जातंय, कंबर दुखतीय, पांढरं जातंय’ ही तक्रार घेऊन बाई दवाखान्यात जाते. तिथे तपासणी, औषध, पुन्हा तपासणी असं व्हायला हवं. त्याऐवजी तिला घाबरवून एकदम शेवटच्या उपायावर नेलं जातं. वारंवार यायला तिच्याकडेही वेळ आणि पैसे नसतात, त्यामुळे तिलाही वाटतं, एकदाची कटकट मिटेल.

आणि इथेच एक विचित्र गोष्ट आहे. पाळीचं रक्त कमी करण्यासाठी जगभर वापरला जाणारा एक उपाय म्हणजे तेच हार्मोनवालं साधन. फिनलंडमध्ये एक अभ्यास झाला होता. जास्त रक्तस्रावामुळे पिशवी काढायच्या टप्प्यावर आलेल्या २३६ बायका त्यात होत्या. त्यांतल्या अर्ध्या जणींना शस्त्रक्रियेऐवजी हे साधन दिलं. पाच वर्षांनंतर त्यातल्या ४२ टक्के जणींची पिशवी काढावी लागली. म्हणजे निम्म्याहून जास्त जणींची वाचली. आपल्याकडे सरकारी कुटुंबनियोजनात फुकट मिळते ती तांब्याची, म्हणजे रक्त वाढवणारी. रक्त कमी करणारी हजारो रुपयांची. ज्या बाईला दुसरीची गरज जास्त, तिच्या हातात पहिलीच येते.

एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गरज नसताना पिशवी काढण्याविरुद्धची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करण्याचे आदेश राज्यांना दिले. कागद आता आपल्या बाजूने आहे. तो वापरणारं कुणीतरी हवं.

बसवायला एक, काढायला दहा जण

तांबी जास्त टिकते याचं एक कारण आपण पाहिलं, रोज काही करावं लागत नाही. दुसरं कारण जरा अडचणीचं आहे. गोळी बंद करायची तर आपण घ्यायचं थांबतो, बस्स. तांबी मात्र स्वतः काढता येत नाही. दुसऱ्याच्या हातात जावं लागतं. आणि तो दुसरा म्हणाला, ‘अगं, आत्ताच तर बसवलीय, दहा वर्षांची आहे, राहू दे’ तर?

म्हणून ‘इतक्या जणींनी इतकी वर्षं ठेवली’ हे ऐकलं की लगेच टाळ्या वाजवू नका. आधी विचारा, त्यातल्या किती जणींनी आनंदाने ठेवली आणि किती जणींना काढायला कुणी मिळालं नाही? सेंट लुईसचे आकडे खरे वाटतात ते यामुळेच. तिथे मागितल्याबरोबर काढून मिळत होती.

याची दुसरी बाजूही आहे. काहींच्या घरात तांबी काढायचा निर्णय बाईचा नसतोच. ‘वर्ष झालं, पाळणा कधी हलणार?’ असं सासू विचारते, नवरा गप्प बसतो आणि ती मुकाट दवाखान्यात जाते. ठेवायची सक्ती काय आणि काढायची सक्ती काय, दोन्ही एकच. तांबी बसवायला किंवा काढायला नवऱ्याची सही लागत नाही, सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. हे आपल्या किती जणींना माहीत असतं?

पोरांनो, पान उलटू नका

‘हे बायकांचं आहे’ म्हणत खालच्या कोड्याकडे वळला असाल तर थांबा. पुरुष नसबंदी बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी आहे. टाक्याशिवाय होते, त्याच दिवशी घरी. तरी देशात तिचं प्रमाण शंभरात एकही नाही, ०.३ टक्के. कंडोम मेडिकलमध्ये मिळतो, आशाताईकडेही मिळतो. पाळणा लांबवायची सगळी जबाबदारी बायकोच्या पोटावर ढकलायची आणि तिला त्रास झाला की ‘काढून टाक’ म्हणायचं, हे काही बरं नाही राव.

आणि तांबीच ठरली, तर पहिले तीन महिने तिला आराम, पाणी आणि दवाखान्यात सोबत मिळेल हे बघणं तुमचं काम. तांबी टिकण्यात नवऱ्याचा वाटा आहे तो हा.

आधी विचारा, मग ठरवा

कधी स्वतःसाठी, बहिणीसाठी, वहिनीसाठी दवाखान्यात जायची वेळ आली तर एवढं लक्षात ठेवा:

• बसवली ती कुठली, ३८० ए की ३७५, हे विचारा. कार्ड मिळतं. त्यावर प्रकार, बसवल्याची तारीख आणि काढायची तारीख असते. कार्डाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी तर नक्कीच. परक्या जिल्ह्यातल्या डॉक्टरलाही तो दाखवता येतो.

• ऊसतोडीला जायचं असेल तर आधी तीन-चार महिने हाताशी ठेवून बसवण्याचा विचार करा. गावात असतानाच तपासणी होऊन जाईल.

• महिन्याभराने किंवा पहिल्या पाळीनंतर एकदा दाखवून घ्या. पहिल्या वर्षात साधारण वीस जणींतल्या एकीची तांबी आपोआप निसटते. बाळंतपणात लगेच बसवली तर ही शक्यता आणखी जास्त. धागा हाताला लागत नसेल तर तपासून घ्या.

• ताप, ओटीपोटात जोराची कळ, घाण वासाचं पाणी, पाळी चुकणं यांपैकी काहीही झालं तर वाट बघू नका.

• तांबीने गुप्तरोगांपासून संरक्षण मिळत नाही. त्यासाठी कंडोमच.

• तांबी झेपत नसेल तर संपलं असं नाही. तीन महिन्यांनी घ्यायचं ‘अंतरा’ इंजेक्शन आणि हार्मोन नसलेली ‘छाया’ गोळी ही साधनं सरकारी केंद्रांत फुकट मिळतात.

• रक्त फार जातं म्हणून कुणी थेट पिशवी काढायला सांगितलं तर बीडचं जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वाराती इथे दुसरं मत घ्या. सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या आणि औषधं हे आधी. ऑपरेशन सगळ्यात शेवटी.

आता सुरुवातीच्या त्या मैत्रिणीकडे परत येऊ. सतरा, अठरा, वीस, बावीस. तिच्या गणितातल्या रिकाम्या जागा भरायला तांबी उपयोगी पडू शकते, सहा महिन्यांसाठी असो की सहा वर्षांसाठी. ती किती दिवस ठेवायची, हे तिचं तिने ठरवावं. म्हणून बसवायच्या आधी सिस्टरला एक प्रश्न नक्की विचारायला सांगा तिला. ‘मला काढावीशी वाटली, तर मी कुठे येऊ?’

या प्रश्नाचं सरळ उत्तर जिथे मिळेल, तिथेच बसवून घ्या.